वाफेला ब्रेक

सुनंदा आमच्याकडे आली त्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या फ्राउ क्लाइन झाडूच्या दांड्याने छत ठोकायला लागल्या. छत त्यांचं, जमीन आमची. संध्याकाळी सुनंदा ओट्यावर भाकरी थापायला घ्यायची आणि चार-पाच थापा पडल्या की खालून ठक ठक असं उत्तर यायचं. तिला आधी वाटलं, हीटिंगच्या पाइपात काहीतरी बिघडलंय. मग एक दिवस फ्राउ क्लाइन स्वतःच जिना चढून आल्या आणि मला दारात गाठून हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडे रोज संध्याकाळी कोण कुणाला मारतं?" त्यांना खरंच काळजी वाटत होती. मी त्यांना सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेले. पिठाने भरलेल्या हातांनी सुनंदा वळली, काय चाललंय ते न कळून हसली आणि तव्यावरची भाकरी उलटवून तिने गॅसच्या आचेवर टाकली. ती टम्म फुगली. फ्राउ क्लाइन "आख!" एवढंच म्हणाल्या. जाताना त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेली एक भाकरी होती. त्यानंतर झाडू वाजला नाही.

सुनंदा ही माझ्या बाबांची दुसरी बायको. माझी आई मी अकरा वर्षांची असताना गेली आणि त्यानंतर तीन वर्षं बाबा आणि मी असे दोघंच फ्रँकफर्टच्या बाहेरच्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. बाबा एश्बॉर्नच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचे. सकाळी आम्ही पावावर चीज घालून खायचो, संध्याकाळी पावावर दुसरं चीज, आणि शनिवारी बाबा मुगाची खिचडी करायचे; ती रविवारपर्यंत पुरायची. घर अगदी शांत असायचं. फ्रिजची घरघर, वरच्या मुलाचा पियानो, बाबांच्या कीबोर्डची टकटक, बस. आम्ही दुःखी होतो असं मी म्हणणार नाही. आम्ही एकमेकांना धक्का लागू नये म्हणून जपून चालत होतो, एवढंच. मग बाबा उन्हाळ्यात पुण्याला गेले आणि आत्याने ठरवलेल्या एका भेटीत त्यांना कऱ्हाडच्या हायस्कुलात भूगोल शिकवणारी, चाळिशीला आलेली, लग्न न केलेली सुनंदा भेटली. परत आल्यावर त्यांनी मला विचारलं. विचारलं म्हणजे खरोखर विचारलं, सांगितलं नाही. मी खांदे उडवले. जर्मन शाळेत वाढलेल्या मुलीचं ते हो होतं.

ती आली, आणि पहिल्याच दिवशी एक अडचण उभी राहिली जी बाबांनी गृहीतच धरली नव्हती. मी तिला काय म्हणायचं? बाबा म्हणाले, "आई म्हण की." ते म्हणताना त्यांचाही आवाज खाली गेला. सुनंदा लगेच म्हणाली, "अहो, कशाला? तिला आई होती. मला काहीही म्हण, अनघा. काकू म्हण, मावशी म्हण." पण काकू म्हटलं की पुढे ‘अहो काकू, तुम्ही’ आलं, म्हणजे घरात एक पाहुणी कायमची येऊन बसली. मावशी म्हटलं की ‘अगं, तू’ आलं, आणि ते मी या घरात एकाच बाईला म्हटलं होतं. मराठीत मधली जागा नाही. माणसाला हाक मारायची तर आधी ठरवावं लागतं की ते आपलं कोण. जर्मनमध्ये ही भानगडच नव्हती. घरातल्या सगळ्यांना ‘डू’ म्हणजे ‘तू’, कुत्र्यालाही ‘डू’, त्यात काही कबूल केल्यासारखं होत नाही. म्हणून मी तिच्याशी जर्मन बोलायला लागले. ती मराठीत विचारायची, मी जर्मनमध्ये उत्तर द्यायची. लोकांना वाटायचं मुलगी मराठी विसरली. माझी मुलगी आज तिच्या बापाला, मला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना एकाच ‘डू’मध्ये गुंडाळते तेव्हा मी तिला रागावत नाही. त्या शब्दाच्या आडोशाला मी स्वतः एक आख्खं वर्ष राहिले आहे.

सुनंदाने तक्रार केली नाही. तिने सकाळचा जर्मनचा क्लास लावला आणि माझी उत्तरं समजून घ्यायला लागली. समजलं नाही की म्हणायची, "परत एकदा, सावकाश." जणू मीच तिची शिक्षिका.

आणि मग बाबांनी घर घेतलं. टाउनुसच्या डोंगरउतारावर, जंगलाला लागून, पूर्ण लाकडाचं दुमजली घर. तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई वृद्धाश्रमात गेल्या होत्या आणि घर दोन वर्षं बंद होतं. बाबांना ते घर का हवं होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता वाटतं, ज्या फ्लॅटमध्ये आई होती तिथे दुसरी बाई आणून ठेवणं त्यांना जड जात होतं, आणि हे त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून ते घराच्या इन्सुलेशनबद्दल बोलायचे. रात्रीच्या जेवणाला आमटीबरोबर इन्सुलेशन. हेर बेंडर नावाच्या सुताराने भिंती आतून उघड्या केल्या, त्यात लाकडाच्या तंतूंच्या जाड गाद्या भरल्या, आणि वरच्या मजल्याची बाहेरच्या भिंतीलगतची जमीन पाच-सहा फूट रुंदीने उचकटून काढली. तिथून खाली पाहिलं की घराची हाडं दिसायची. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलेल्या, माझ्या मांडीएवढ्या जाड तुळया. त्यांच्यामध्ये पोकळी, आणि पोकळीच्या तळाशी खालच्या खोलीच्या छताचं पातळ लाकूड आणि प्लॅस्टर.

एका रविवारी हेर बेंडरनी आम्हा तिघांना तिथे गुडघ्यांवर बसवलं आणि पुढचं काम समजावलं. बाबा सुनंदासाठी मराठी करत होते. "घरातली हवा ऊबदार असते आणि तिच्यात वाफ असते. आपण श्वास सोडतो, अंघोळ करतो, कुकर लावतो. ही हवा फटीतून भिंतीत शिरली, की बाहेरच्या बाजूला तुळईचं टोक गार असतं, तिथे तिचं पाणी होतं."

"म्हणजे भिंतीच्या आत दव पडतं," सुनंदा म्हणाली.

"गेनाऊ, बरोबर," बाबा म्हणाले. "आणि तुळईचं टोक आतल्या आत कुजतं. वरून काही दिसत नाही. म्हणून भिंतीवर आतून हा कागद लावायचा." कागद म्हणजे दुधाळ रंगाचं, बोटांत सळसळणारं पातळ कापड. "डाम्फब्रेम्झं म्हणतात त्याला."

"त्याचा अर्थ काय?"

बाबांनी जरा विचार केला. "वाफेला ब्रेक."

सुनंदाला ते इतकं आवडलं की त्यानंतर आमच्या घरात त्या कागदाला दुसरं नाव राहिलं नाही. भिंतीवर तो लावणं सोपं होतं, ते हेर बेंडरच्या माणसांनी दोन दिवसांत केलं. कठीण होतं ते तुळयांपाशी. तिथे प्रत्येक तुळई कागद भेदून भिंतीत जाते, म्हणजे प्रत्येक तुळई हे एक भोक. तुळईच्या चारही अंगांना कागद चिकटपट्टीने असा बसवायचा की हवेला जागाच राहू नये. हे हळूहळू, हाताने करायचं काम, आणि खर्च वाचावा म्हणून ते बाबांनी स्वतःकडे घेतलं होतं. पहिल्या शनिवार-रविवारी त्यांनी थोड्या तुळया केल्याही. पण सोमवारी ऑफिसने त्यांना कोलोनला पाठवलं. तिथल्या ग्राहकाची नवी सिस्टिम सुरू व्हायची होती. दोन आठवडे तिकडेच, मधला शनिवार-रविवारही. इकडे फ्लॅट सोडून आम्ही त्या घराच्या खालच्या दोन तयार खोल्यांत राहायला आलो होतो, हवा किती गळते ते मोजणाऱ्या माणसाची वेळ ठरली होती, आणि त्यानंतर लगेच भिंतींवर जिप्समचे बोर्ड चढणार होते. बाबा दारात बॅग घेऊन उभे राहिले आणि एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिले. माझी शरदातली सुट्टी नुकतीच सुरू झाली होती.

"आम्ही करू," सुनंदा म्हणाली. "तुम्ही जा."

मला कुणी विचारलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझी निळी ट्रॅकपँट घालून, वर बाबांचा जुना स्वेटर आणि डोक्याला ओढणी बांधून, थर्मासमध्ये चहा भरून वर निघाली तेव्हा मी मागोमाग गेले. साडी नेसून तुळयांवर चढता येणार नव्हतं आणि पंजाबी ड्रेसचा घेर सारखा खिळ्यांत अडकला असता. माझी ती दोन वर्षांपूर्वीची पँट तिलाही आखूड व्हायची. खाली कऱ्हाडहून आणलेले मरून लोकरी मोजे दिसायचे.

ते दिवस मला अजून नाकाने आठवतात. शंभर वर्षांच्या लाकडाचा कोरडा, किंचित गोड वास, आणि त्यावर प्रायमरचा आंबूस वास. तो पांढरा, दुधासारखा पातळ. आधी तुळई ब्रशने झाडायची, मग व्हॅक्यूमने धूळ ओढायची, मग प्रायमर लावून थांबायचं. बोट लावल्यावर चिकट लागलं की पट्टी. पट्टी ताणायची नाही, कारण लाकूड हिवाळा-उन्हाळ्यात हलतं आणि ताणलेली पट्टी सुटते. कोपऱ्यांत एक अखंड पट्टी कधीच बसत नाही, तिथे लहान तुकडे एकावर एक घालावे लागतात आणि प्लॅस्टिकच्या चपट्या तुकड्याने घासून घासून बसवावे लागतात. तुळईला उभ्या चिरा असतील तर त्या आधी भरायच्या, नाहीतर हवा पट्टीखालून चिरेतून निघून जाते. सुनंदा कोपऱ्यांत फार चांगली होती. करंजीची कड मुरडावी तशी ती पट्टीची कड बोटाने दाबत जायची, जीभ किंचित बाहेर काढून. मी तुकडे कापायची आणि लांब हातांनी पलीकडची बाजू करायची, जिथे तिचा हात पोचत नव्हता. एका तुळईला दोघींनी दोन बाजूंनी पालथं पडून डोकं पोकळीत घालावं लागायचं, मधे ते जाड लाकूड. एकमेकींचं तोंड दिसत नसे. त्याचा उपयोग झाला असावा.

"तुझी आई काय काय करायची गं?" तिने तुळईच्या पलीकडून विचारलं. "खायला?"

इतक्या दिवसांत कुणी मला असं सरळ विचारलं नव्हतं. मी जर्मनमध्ये म्हटलं, की आईला स्वयंपाक अजिबात आवडायचा नाही. ती टोस्टवर पुदिन्याची चटणी लावायची आणि बहुतेक वेळा टोस्ट जाळायची.

मग ती हसायला लागली. "बरं झालं बाई. मी वर्षभर घाबरून स्वयंपाक करतेय, की हिच्या तोंडाला तिच्या हातची चव असेल."

मग मी सांगत गेले. आईला गाडी चालवायला आवडायचं. रविवारी ती मला मागच्या सीटवर टाकून कुठेही न जाण्यासाठी आउटोबानच्या हमरस्त्यावर जायची आणि मोठमोठ्याने, बेसूर गायची. हे मी बाबांजवळही कधी काढत नसे, कारण त्यांचा चेहरा बदलायचा. सुनंदाचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पट्टी घासण्याचा आवाज मधेच थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. दुपारी आम्ही तुळईवर पाय सोडून बसायचो आणि भाकरीत झुणका गुंडाळून खायचो, बरोबर कांदा आणि तिचा तो लाल ठेचा, ज्याने माझे कान गरम व्हायचे. खिडकीबाहेर बीच जातीची झाडं पिवळी झाली होती आणि हवेत थंडी होती. सगळ्या घरात लाकडाची एकच शेगडी पेटलेली, तीही खाली स्वयंपाकघरात.

असंच जेवता जेवता एक दिवस ती म्हणाली, "अनघा, तुला एक सांगायचंय. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. मी शाळेतून वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन आले होते. ती आता संपते. दिवाळीची सुट्टी झाली की शाळा उघडेल, आणि मी परत जायचं ठरवलंय."

मी जर्मनमध्ये विचारलं, बाबांना माहीत आहे का.

"रजेचं माहीत आहे. परत जाण्याचं अजून नाही सांगितलं. ते या घरात इतके गुंतलेत." तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "तुझ्यावर राग नाही हं माझा. तू चांगली मुलगी आहेस. पण मी एकोणीस वर्षं मुलांमध्ये होते. वर्गात शिरलं की साठ तोंडं एकदम ‘बाई’ म्हणायची. इथे दिवसभरात मला कुणी हाकच मारत नाही. तुझे बाबा ‘अगं’ म्हणतात, तेही संध्याकाळी आल्यावर. कधी कधी दुपारी मी आरशात बघून स्वतःलाच म्हणते, सुनंदाबाई, चहा घ्या."

मला हायसं वाटायला हवं होतं. एक वर्ष मी ज्या प्रश्नाला बगल देत होते तो आता आपोआप मिटणार होता. पण त्या दुपारी मी केलेले कोपरे सगळे बिघडले. पट्टीला सुरकुत्या पडत होत्या, आणि सुरकुती म्हणजे हवेला बोगदा. मी ती उपटून काढायची, नवी कापायची, परत सुरकुती. सुनंदाने पाहिलं आणि ती पुढची तुळई झाडायला लागली.

पुढचं घडलं ते त्यानंतर एक-दोन दिवसांनी. उघड्या पोकळीवरून चालता यावं म्हणून आम्ही तुळयांवर आडव्या फळ्या टाकल्या होत्या. हेर बेंडरनी बजावून सांगितलं होतं, की फळीची दोन्ही टोकं तुळईवर टेकली पाहिजेत, मधल्या प्लॅस्टरला मांजराचंही वजन पेलणार नाही. पण काम पुढे सरकेल तशा आम्ही फळ्याही सरकवत होतो. मी भिंतीपाशी ओणवी होते. सुनंदा प्रायमरचा डबा दोन्ही हातांत धरून, ब्रश दातांत पकडून, माझ्याकडे तोंड करून मागे मागे चालत होती. तिच्या मागच्या फळीचं टोक तुळईच्या बरंच पुढे, पोकळीत, हवेत लोंबत होतं. मी मान वर केली आणि मला ते टोक दिसलं आणि त्यावर टेकायला निघालेली मरून मोज्याची टाच दिसली.

"अगं! अगं, थांब! मागे बघ!"

हे मी ओरडले. मराठीत. तिने ऐकलं, आणि मला वाटतं नेमकं त्यामुळेच ती दचकून थांबायच्या ऐवजी माझ्याकडे बघत राहिली आणि पाय टेकवला. फळी खाडकन उभी झाली. सुनंदाचा एक पाय तुळईवर राहिला, दुसरा प्लॅस्टर फोडून मांडीपर्यंत खाली गेला. डबा उडाला. पांढरा प्रायमर तिच्या केसांवर, स्वेटरवर, माझ्या तोंडावर.

धूळ खाली बसली. मग ती शांतपणे, दातांतला ब्रश काढून म्हणाली, "अनघा, जरा खाली जाऊन बघ, काय झालंय."

मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले. स्वयंपाकघराच्या छताला भोक पडलं होतं आणि शेगडीच्या थोडं अलीकडे, हवेत, एक पाय लोंबत होता. माझी निळी ट्रॅकपँट, मरून मोजा. बोटं हलत होती.

"काय दिसतंय?" वरून आवाज आला.

"तुझा पाय!"

"आहे ना जागेवर?"

"आहे! हलतोय!"

वरून हसण्याचा आवाज यायला लागला आणि तो पाय हसण्याबरोबर हलायला लागला, आणि मग मीही खाली जमिनीवर बसले आणि हसले, इतकी की मला रडू आलं. वर जाऊन तिच्या काखेत हात घालून मी तिला ओढून काढलं. मी तेव्हा तिच्यापेक्षा उंच होते आणि हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घोटा सुजायला लागला होता आणि पोटरी सोलवटून निघाली होती. "अगं टेक नकोस पाय, माझ्यावर भार दे," असं काहीबाही मी बोलत होते. अगं आणि तू, अगं आणि तू. एकदा तोंडातून सुटल्यावर मला ते परत आत घेता आलं नाही, आणि तिने ते ऐकल्याचं दाखवलंही नाही. मोठी शहाणी बाई.

हेर बेंडरना फोन केला, ते आपल्या व्हॅनमधून आम्हाला शेजारच्या गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोघींच्या केसांत पांढरा प्रायमर वाळून कडक झालेला. काउंटरवरच्या बाईने नाव, जन्मतारीख, विमा विचारला, मी सांगत गेले. मग तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि तू? तू मुलगी का?"

साधा प्रश्न होता. हो म्हणाले असते तरी चाललं असतं, नाही म्हणाले असते तरी. मी काउंटरवरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. तेव्हा माझ्या खांद्याला धरून एका पायावर उभी असलेली सुनंदा पुढे झुकली आणि क्लासात शिकलेल्या जर्मनमध्ये, एकेक शब्द सुटा उच्चारत म्हणाली, "वीअर वोनन त्सुझामन." आम्ही एकत्र राहतो.

बाईने मान हलवली आणि लिहून घेतलं. तिला तेवढं पुरलं.

घोट्याचं हाड मोडलं नव्हतं, स्नायू दुखावला होता. बँडेज बांधून परत येताना व्हॅनच्या मागच्या सीटवर मी तिला विचारलं, "तू असं का सांगितलंस?"

"खोटं होतं का?"

"नाही."

"मग? तुला काय म्हणायचं ते तुझं तू म्हणशील. मी कशाला तुझ्या तोंडात घालू?" आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "घरी गेल्यावर आधी केस धुवायला हवेत, नाहीतर आपण दोघी कशालातरी चिकटून बसू."

उरलेल्या तुळया मी केल्या. सुनंदाला जिना चढायची मनाई होती, म्हणून ती खाली स्वयंपाकघरात खुर्चीवर, पाय स्टुलावर ठेवून बसायची आणि छताच्या त्या भोकातून माझ्याशी बोलायची. पट्ट्यांचे तुकडे ती खालून कापून द्यायची, मी दोरीला बांधलेल्या डब्यातून वर ओढून घ्यायची. "कोपरा दाबलास का?" "दाबला." "बोटाने नको, त्या तुकड्याने दाब." "तुकड्यानेच दाबला गं." मधेच शंकरपाळ्यांचा वास वर यायला लागायचा, बसल्या बसल्या तिने दिवाळीचा फराळ करायला घेतला होता, आणि ते गरम तूप-साखरेचं वाफाळ धुकं भोकातून थेट माझ्या नाकाशी. मी वरून म्हणायची, "ही सगळी वाफ भिंतीत जाणार!" आणि खालून उत्तर यायचं, "मग लाव लवकर ब्रेक!" दोघीही मराठीत, ओरडून. कऱ्हाडचा विषय दोघींनीही काढला नाही. मला विचारायचं होतं. पण मी विचारलं असतं तर ते थांब म्हटल्यासारखं झालं असतं, आणि साठ तोंडांच्या बदल्यात माझं एक तोंड पुढे करायची मला हिंमत नव्हती.

मोजणी शुक्रवारी होती. बाबा कोलोनहून सकाळच्याच गाडीने आले. छतातलं भोक पाहून त्यांनी डोळे मोठे केले, सुनंदाचा पाय पाहून ते तिच्यासमोर उकिडवे बसले, आणि "मला फोनवर नुसतं ‘जरा मुरगळलाय’ सांगितलंत" असं तीन-तीनदा म्हणाले. मोजणाऱ्या माणसाने पुढच्या दारात लाल कापडाची चौकट बसवली, तिच्यात मोठा पंखा. पंखा सुरू झाला आणि घरातली हवा बाहेर खेचली जायला लागली. आता जिथे कुठे फट असेल तिथून बाहेरची गार हवा आत घुसणार. हात ओला करून आम्ही सगळे तुळई-तुळईपाशी फिरलो. सुनंदालाही बाबांनी धरून वर आणलं. कुठे काही नाही, कुठे काही नाही, बाबांच्या तुळया ठीक, आमच्या ठीक. आणि मग एका ठिकाणी बारीक शीळ ऐकू आली. सुनंदा जिथे पडली होती नेमकी तीच तुळई. खालच्या बाजूचा एक कोपरा उघडाच राहिला होता.

"हा तू केलास ना?" सुनंदा म्हणाली.

"मला वाटलं तू पडायच्या आधी केलास."

"मला वाटलं मी पडल्यावर तू केलास."

बाबा आमच्याकडे बघत होते. शीळ त्यांना ऐकू येत नव्हती बहुतेक. त्यांची मुलगी मराठी बोलत होती, आणि कुणाला तू म्हणत होती, ते ते ऐकत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, बराच वेळ. मी पोटावर पडून हात खाली घातला, सुनंदाने तुकडा कापून दिला आणि टॉर्च धरला. शीळ बंद झाली. मोजणाऱ्याने आकडा वाचला, हेर बेंडरनी अंगठा वर केला, आणि दोघांनी मिळून खाली अर्धा डबा शंकरपाळे संपवले.

ते गेल्यावर घर एकदम शांत झालं. पण फ्लॅटमधल्यासारखं नाही; आत उबदार, दाट अशी शांतता. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. सुनंदाने घड्याळाकडे पाहिलं, मनातल्या मनात तिकडची वेळ मांडली आणि म्हणाली, "अहो, फोन द्या जरा. मुख्याध्यापकांना घरी फोन करायचाय."

बाबांनी फोन दिला. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण ती जायला निघालीय हे त्यांना माहीत होतं. बहुधा किती तरी दिवस माहीत होतं, आणि ते इन्सुलेशनबद्दल बोलत राहिले होते. मी छताच्या भोकाकडे बघत बसले.

"नमस्कार सर, मी सुनंदा. हो, जर्मनीहून. सर, रजा संपतेय ना... हो, त्यासाठीच. सर, माझ्या जागी आता कायमचं कुणीतरी घ्या." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. "नाही सर, तसं काही नाही. सगळं व्यवस्थित आहे. आठवण तर येणारच." मग, "आठवीचे नकाशे कपाटाच्या वरच्या खणात आहेत, नव्या बाईंना सांगा. पृथ्वीगोलाचा स्टँड सैल झालाय, मुलांना ओढू देऊ नका. हो. हो सर. ठेवते."

तिने फोन टेबलावर ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले, आणि रडायला लागली. हुंदके देऊन, लहान मुलासारखी. बाबा घाईने उठले. "सुनंदा, अगं, तुला जायचं असेल तर..."

"अहो, जायचं असतं तर गेले असते," ती रडता रडताच म्हणाली. "माझी शाळा होती ती. मला जरा रडू द्या."

बाबा उभेच राहिले. मग त्यांनी पातेल्यात पाणी घेऊन चहा ठेवला आणि आलं किसायला लागले. मी माझी उशी आणून तिच्या दुखऱ्या पायाखाली सरकवली, शेजारची खुर्ची ओढून बसले, आणि आम्ही दोघांनी तिला रडू दिलं.